गॅरेजातली फोडणी

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. मी बरी आहे. स्कॅन स्वच्छ आला, केस परत आले (आयुष्यभर सरळ होते, आता कुरळे आलेत, नातेवाईक विचारतात पार्लरला जाऊन आलीस का), आणि हे लिहायला बसण्याआधी मी दोनदा वरण-भात वाढून घेतला आहे. आजारपणाचं काही वाचायला घेतलं की मी स्वतः शेवटचं पान आधी बघते. तुम्हीही बघत असाल, तर तुमचा तेवढा त्रास वाचला.

मी सुनंदा. माहेर नागपूर, सासर नागपूर, आणि गेली कित्येक वर्षं पत्ता अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा. सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून काम केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. माझे यजमान मिलिंद म्हणतात, पगार ऑफिसात मिळायचा आणि ओव्हरटाइम ही घरी करते. आमची मुलगी प्रज्ञा शिकागोत नोकरी करते. मी आजारी पडले तशी ती आमच्याकडे राहायला आली आणि ट्रेनने जा-ये करू लागली. आम्हा तिघांची, नागपूरच्या माझ्या आईची आणि एका हिरव्या झाडाची ही हकीकत. झाडाचं नाव ऐकून काहीजण नाक मुरडतील. मुरडा हो, मीही मुरडलं होतं.

डाळ भिजत होती

पोट फुगायला लागलं तेव्हा मी दोष हरभऱ्याच्या डाळीला दिला. ओवा खाल्ला, हिंग लावला, गरम पाणी प्यायले. डाळ बिचारी निर्दोष होती.

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलायच्या आधी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. टेस्टरच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. डबा हलला तेव्हाच मला समजलं. अंडाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन, मग केमो. मिलिंद इंजिनिअर माणूस, तो एकामागून एक प्रश्न विचारत होता, आवाज अगदी शांत आणि पाय मात्र टेबलाखाली थडथड हलत होता. माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? घरी वडाभातासाठी डाळ भिजत घातली होती. तिचं काय करायचं?

घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता मी मिक्सर लावला.

"सुनंदा, बस ना जरा."

"अहो, डाळ आंबेल."

सगळी डाळ वाटली, वडे तळले, भातावर कुस्करले, वरून लसणाची कडकडीत फोडणी ओतली. दोघं समोरासमोर बसून रडत रडत जेवलो. रडत का होईना, पोटभर जेवलो. पुढे किती महिने तसं जेवण नशिबात नाही, हे माहीत असतं तर अजून एक वाढून घेतलं असतं.

फोडणी हद्दपार

ऑपरेशनचं काही विशेष सांगण्यासारखं नाही. मी झोपले होते. केमोचं मात्र सांगते. मोठ्या खिडक्यांची खोली, ओळीने आरामखुर्च्या, बाहेर बर्फ. ग्लोरिया नावाची नर्स आधी कपाटातून शेकलेलं ब्लँकेट काढून पायांवर घालायची, मग सुई. त्या ब्लँकेटसाठी मी तिची जन्माची ऋणी आहे. सुईला मी घाबरले नाही. मला धडकी भरायची ती दारातल्या वजनकाट्याची.

कारण मी खाऊच शकत नव्हते. तोंडाला चव नसती तर एक वेळ ठीक, पण चव होती आणि ती लोखंडाची होती. मळमळीच्या गोळ्या होत्या, त्या त्यांच्या परीने राबत होत्या. पण वास! पहिल्या केमोनंतर मिलिंदने वरणाला मोहरी-जिरं-लसणाची फोडणी दिली आणि मी सिंकपर्यंत कशीबशी पोहोचले. ज्या वासावर मी वाढले, तोच वास वैरी झाला.

दुसऱ्या दिवशी मिलिंद एक इलेक्ट्रिक शेगडी घेऊन आला आणि त्याने गॅरेजमध्ये दोन गाड्यांच्या मधे स्वयंपाकघर मांडलं. नेपरव्हिलचा जानेवारी म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. हा माणूस जाड कोट, कानटोपी आणि एका हातात मोजा घालून (दुसऱ्या हातात पळी) गॅरेजचं दार अर्धं उघडून फोडणी करायचा. धूर बाहेर आणि बर्फ आत. कुत्रा फिरवणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, कॅम्पिंगची तयारी का? हा म्हणाला, नाही, डाळ. मग कोट तिकडेच काढून, हात धुऊन, पातेल्यावर झाकण ठेवून आत यायचा.

आणि इतकं करून मी दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. त्याचा चेहरा बघवायचा नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. वजन असंच उतरत राहिलं तर केमो मध्येच थांबवावी लागेल, शरीराला पेलणार नाही. अर्धवट टेस्टिंग केलेल्या सॉफ्टवेअरचं काय होतं ते मी जन्मभर पाहिलंय. अर्धवट केमोचा तर विचारही करवेना. म्हणजे आता सगळं माझ्या खाण्यावर आलं. आणि मला तर चहासुद्धा जाईना.

नागपूरहून आईचा रोज व्हिडिओ कॉल. आमची सकाळ, तिची संध्याकाळ. ती ऐंशीच्या पुढची, माझ्या भावाकडे असते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवली का वं?"

"हो आई, जेवले."

पाचवं शील

ग्लोरियानेच विषय काढला. भूक लागावी म्हणून काही पेशंट कॅनबिस घेतात, इथे कायद्याने चालतं, डॉक्टरांशी बोलून बघ. कॅनबिस म्हणजे काय ते मला माहीत होतं. गांजा! मी इतक्या जोरात 'नो' म्हटलं की शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाईंच्या विणकामाचा टाका सुटला.

माझं 'नो' कुठून आलं ते सांगते. माझे बाबा प्यायचे. रोज नाही, पण प्यायले की घर श्वास रोखून बसायचं. ते अकाली गेले, आणि आईने आम्हा भावंडांना विहारात नेऊन उभं केलं. पंचशील सगळ्यांसारखंच म्हणायला लावलं, पण पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, ते मोठ्याने म्हणा म्हणाली. ते मी आजवर मोठ्यानेच म्हणत आले. ऑफिसच्या पार्टीत वाइन नाही, कोणी केक दिला तर आधी रम आहे का विचारणार. आमच्या ग्रुपमध्ये 'सुनंदा येतेय' याचा अर्थ 'कोक आणा' असा होतो.

प्रज्ञा म्हणाली, "आई, मॉर्फिन चाललं ना ऑपरेशननंतर? देन व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

"मॉर्फिन झोपेत दिलं. मला विचारून नाही दिलं."

"आई, यू आर इम्पॉसिबल."

शेवटी मी विहारातल्या भन्तेजींना फोन केला. वंदामि भन्ते म्हटलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. त्या दिवसांत तेवढंच नीट जमत होतं म्हणा. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आजाऱ्याने औषध म्हणून घ्यावं. मजेसाठी घेऊ नये. फरक तुमचा तुम्हाला कळेल."

माझा जीव भांड्यात पडला. औषध! मग ठीक. हॉस्पिटलच्या फार्मासिस्टने माझ्या बाकीच्या गोळ्यांशी भांडण होत नाही ना ते तपासलं, डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. आम्ही इथले नागरिक, त्यामुळे तीही काळजी नव्हती. व्हिसावर असलेली आमच्या ओळखीची एक जोडी आहे. ती म्हणते, मावशी, आम्ही तर त्या दुकानाच्या पार्किंगमध्येसुद्धा गाडी वळवत नाही. त्यांचं बरोबरच आहे, आमच्या राज्यात चालत असलं तरी देशाचा कायदा अजून मनाई करतो.

रुंद पान, अरुंद पान

आधी प्रज्ञाने चौकोनी जेलीच्या गोळ्या आणल्या. त्यातला तुकडा खाल्ला आणि मी घोडे विकून झोपले. दुपारचं जेवण गेलं, रात्रीचं गेलं. भूक लागली असेल तर ती स्वप्नात लागली असेल. ग्लोरिया म्हणाली, अगं, ही इंडिका, झोपेसाठी घेतात. तुला दिवसा जागं राहून खायचंय, सॅटिव्हाकडचं काहीतरी बघ.

मग मी स्वतःच दुकानात गेले. दुकानाला म्हणतात डिस्पेन्सरी. नागपूरचा माणूस डिस्पेन्सरी म्हटल्यावर बाकडं, कंपाउंडर आणि लाल औषधाची बाटली शोधतो. इथे मोबाइलच्या शोरूमसारखा लखलखाट. दारातल्या गार्डने माझं ओळखपत्र मागितलं, वय बघायला. टोपीखाली टक्कल, डोळ्यांखाली खड्डे, आणि हा मला एकवीस पूर्ण आहेत का विचारतो! बाप्पा, कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

काउंटरवरच्या बाईने समजावलं. रुंद पानाची इंडिका, ती अंग जड करते, सोफ्यात रुतवते. उंच वाढणारी, अरुंद पानाची सॅटिव्हा, ती डोक्याकडे जाते. हलकं वाटतं, उत्साह येतो, बोलावंसं वाटतं, हसू येतं, म्हणून दिवसा घ्यायची. आता शुद्ध असं फारसं काही उरलेलं नाही, सगळे संकर. माझ्यासाठी तिने निवडलं ते सॅटिव्हा वरचढ असलेलं, थोडी इंडिका मिसळलेलं, म्हणजे मन फार पळू नये. ओढायचं नव्हतं, तेलाचे थेंब होते, जिभेखाली धरायचे. नाव एखाद्या आइस्क्रीमला शोभेल असं. बाटली उघडली तर लिंबाच्या सालीचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. आणि मला मळमळलं नाही! कितीतरी दिवसांनी एखादा वास नाकात शिरला आणि मी सिंककडे धावले नाही.

ग्लोरियाने बजावून ठेवलं होतं की या नावांवर फार विसंबू नकोस, एकाला जे हसवतं ते दुसऱ्याला घाबरवतं. अगदी थोडं घे, आणि वाट बघ. वाट बघ, हे तिने दोनदा सांगितलं.

चार थेंब अजून

आता आमचा पराक्रम ऐका. माझे सासरे हयात असताना अख्ख्या मोहल्ल्याला होमिओपॅथीची औषधं द्यायचे. मिलिंद त्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर वाढला. त्या घरातला नियम असा की अर्ध्या तासात गुण नाही आला तर पुन्हा द्या, गुण आला नाही तरी अपाय तर होत नाही ना.

प्रज्ञा कामावर गेली होती. मिलिंदने ड्रॉपरने मोजून थेंब दिले. आम्ही बसलो. काही नाही. घड्याळ बघितलं. काही नाही.

"काही वाटतंय का?"

"छे. पाणी आहे हो हे. लुटलं आपल्याला."

"मग चार थेंब अजून देऊ?"

"द्या की. अपाय तर नाही ना."

थोड्या वेळाने अजून चार. दोघंही शिकलेले, दोघंही कामात काटेकोर, आणि अक्कल गहाण ठेवलेली.

मग सगळे थेंब एकदम कामावर हजर झाले. तोंड वाळून कापूस झालं. छातीत ढोल वाजायला लागला. मला अचानक स्पष्ट दिसलं की आमच्या घराचं टेस्टिंगच झालेलं नाही. मी उठले आणि एकेक कपाट उघडून मिलिंदला बग सांगत सुटले. हा ड्रॉवर अडतो. ही वाटी या झाकणाची नाही. या डब्यावर मेथी लिहिलंय आणि आत शहाजिरं आहे, कोण जबाबदार? तो बिचारा मागे मागे 'हो, हो, फिक्स करतो' म्हणत फिरत होता. इथवर गंमत होती. मग फ्रिजची घरघर सुरू झाली आणि मला वाटलं, फ्रिज माझ्यावर रागावलाय. मिनिटं लांबायला लागली. मी मिलिंदचा हात घट्ट धरला.

"अहो, खरं सांगा. मी बाबांसारखी दिसतेय का?"

त्याने मला सोफ्यावर बसवलं आणि ब्लँकेट घातलं. "तू सुनंदासारखी दिसतेयस," तो म्हणाला, "आणि सुनंदासारखीच किरकिर करतेयस." मग हॉस्पिटलच्या हेल्पलाइनला फोन केला. तिकडून सांगितलं, बसवून ठेवा, पाणी द्या, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर लगेच कळवा, नाहीतर ओसरेल. ओसरलं. संध्याकाळी प्रज्ञा आली, सगळं ऐकलं आणि आम्हा दोघांना असं झापलं की आम्ही शाळेतल्या पोरांसारखे मान खाली घालून उभे. बाटली तिने कुलूप लावायच्या कपाटात ठेवली. तुम्हीही तिथेच ठेवा.

ऊन

दुधाने तोंड पोळलेली मी, आता ताकही फुंकून प्यायला लागले. प्रज्ञा घरून काम करणार होती त्या दिवशी, सकाळी, अगदी पहिल्याहूनही कमी थेंब. अजून मागायचं नाही अशी शपथ घेतली होती.

खिडकीशी बसले होते. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं. तेच बर्फ, तेच ऊन, पण वाटलं, अरे, किती सुंदर आहे हे! छातीवरचा दगड कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला. झोप नाही, गुंगी नाही, उलट डोकं लख्ख. मी प्रज्ञाला गोष्ट सांगायला लागले, लग्नानंतर मिलिंदने मला स्कूटरवर बसवून फुटाळा तलावावर नेलं आणि परत येताना मी मागे बसलेय की नाही हे न बघताच निघून गेला, ती. तिने लॅपटॉप मिटला. आम्ही दोघी इतक्या हसलो की ऑपरेशनचा टाका दुखला.

"थांब थांब, बाबा घरी पोचले आणि मग?"

"मग काय! सासूबाईंनी विचारलं, सून कुठाय?"

तेवढ्यात मिलिंद गॅरेजमधून आत आला. हसण्याच्या आवाजाने गडबडला असेल, कोट काढायचा राहिला. कोटाला फोडणीचा वास. त्याच्या लक्षात आलं आणि तो चोरी पकडल्यासारखा मागे सरला.

"सॉरी, सॉरी, जातो."

"अहो थांबा," मी म्हटलं. "लसूण घातलाय ना त्यात?"

तो दारातच थिजला. "घातलाय."

"मग वाढा की. पोटात कावळे ओरडून राहिलेत."

गरम भात, वरण, वर फोडणी. मी खाल्लं. लोखंड नव्हतं तोंडात, डाळ होती! हळद कळली, मीठ कळलं, लसणाचा कडक तुकडा दाताखाली आला आणि मला रडूच फुटलं, पण घास थांबला नाही. पुन्हा वाढून घेतलं. मिलिंद म्हणाला, "आलोच, गॅस बंद करून येतो," आणि गॅरेजात पळाला. तिकडे शेगडी इलेक्ट्रिकची होती. बराच वेळ आला नाही. मी आणि प्रज्ञाने त्याला हाक मारली नाही.

आणि मग माझं डोकं फिरलं

दुसऱ्या दिवशी मी थेंब घेतले नाहीत.

कारण मजा आली होती. भन्तेजी म्हणाले होते, फरक तुमचा तुम्हाला कळेल. मला वाटलं, कळला. औषधाने कोणी हसतं का? ऊन बघून कोणी खूश होतं का? इतकं छान वाटलं म्हणजे ती नशाच. शील मोडलं. त्या दिवशी तोंडात पुन्हा लोखंड. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वजनाचा दिवस जवळ येत होता. मिलिंद पुन्हा कोट घालून गॅरेजात जायचा आणि झाकलेलं पातेलं घेऊन यायचा.

प्रज्ञा मात्र भडकली. "आई, जे औषध तुला ओकायला लावतं ते चालतं, आणि हसवणारं चालत नाही? हाऊ इज दॅट फेअर? यू वॉन्ट टू डाय पोलाइटली?"

मीही चिडले, नको ते बोलले, ती दार आपटून वर गेली. आणि बरोबर त्याच वेळी नागपूरचा फोन. मी डोळे पुसून उचलला.

"काऊन वं, तोंड कसं दिसून राहिलं? जेवली का?"

रोजचं 'हो आई' ओठावर आलं आणि तिथेच अडलं. "नाही आई. जेवत नाहीये मी. कितीतरी दिवस."

मग सगळं सांगितलं. थेंब, ऊन, वरण-भात, शील. "आई, ते गांजाचंच झाड आहे." मागे भाऊ खोकला. आई स्क्रीनला नाक लावून माझ्याकडे बघत होती.

"कडू असते का?"

"नाही. लिंबासारखं."

"घेतलं का काय करते तू? शिव्या देते?"

"नाही गं. हसते. खूप बोलते. मग भूक लागते."

"भांडी फेकते?"

"नाही."

"मंग मिलिंदराव जेवते का तवा?"

"सगळेच जेवतो. एकत्र."

आईने स्क्रीनवरून नाक मागे घेतलं. मग म्हणाली, "तुझा बाप पिऊन आला का मी चूल विझवत होती. पेटती चूल त्याच्या हाती लागू नये म्हून. तुम्ही पोट्टे उपाशी झोपत होते. तुले पाचवं शील म्या त्या चुलीसाठी शिकवलं पोरी. आन तू सांगून राहिली का तुया घरची चूल गॅरेजात नेली? ती आत आण. ज्यानं चूल आत येते ते घे."

"पण आई, मला मजा येते त्याने."

"येऊ दे न मंग! तुया बापाच्या घरी हसायचं राहूनच गेलतं."

मी वर जाऊन प्रज्ञाचं दार ठोठावलं आणि कपाटाची किल्ली मागितली.

काटा

वजनाच्या दिवशी मी बूट काढू की नको यावर ग्लोरियाशी हुज्जत घातली. तिने डोळे मिचकावले आणि म्हणाली, काढच. काटा थरथरला, थांबला. वजन उतरलं नव्हतं. उलट चिमूटभर वाढलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केमो ठरल्याप्रमाणे. जगात पहिल्यांदाच कोणी केमो मिळाली म्हणून टाळ्या वाजवल्या असतील. आम्ही तिघांनी वाजवल्या, विणकामवाल्या आजीबाईंनी सुया एकमेकींवर आपटून साथ दिली.

त्या झाडाने माझा कॅन्सर बरा केला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते काम केमोने केलं. झाडाने मला ताटावर बसवलं. माझ्या अंगाला जे मानवलं ते तुमच्या अंगाला मानवेलच असं नाही. माझं तोंड तर शेवटपर्यंत वाळायचं, शेजारी पाण्याचा तांब्या लागायचा, आणि दुपारी उशिरा घेतलं तर झोपेचं खोबरं. डॉक्टरांना विचारा. आणि ते हो म्हणाले, तर वाट बघा. चार थेंब अजून नकोत. उपचार संपले, तशी बाटली मी डॉक्टरांना सांगून बंद केली. भूक आता आपली आपणच लागते.

पण त्या वजनाच्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय. घरी आलो. केमो झाली होती, अंगात त्राण नव्हतं, मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. मिलिंद सवयीने कोट घालून गॅरेजकडे निघाला.

"अहो, कुठे निघालात? इथे करा."

"इथे? वास येईल."

"येऊ द्या."

त्याने कोट काढला. तेवढ्यात आईचा फोन आला. नागपुरात तिची झोपायची वेळ टळून गेली होती, पण काट्याचं ऐकल्याशिवाय तिला झोप कुठली. प्रज्ञाने फोन हळदीच्या बरणीला टेकवून उभा केला आणि काट्याचं तिला सांगितलं. आईने स्क्रीनसमोर हात जोडले. कढईत तेल तापलं. मोहरी पडली, तडतडली, मग जिरं, मग लसूण, आणि आमच्या घरात कितीतरी महिन्यांनी चर्रर्र आवाज झाला. वास उठला. तिघंही माझ्याकडे बघत होते, एक नागपूरहून. मी नाकभर श्वास घेतला आणि मान हलवली.

मिलिंद तर पळी हातात धरून नुसता माझ्याकडे बघत उभा.

"मिलिंदराव," बरणीपाशी फोनमधून आई ओरडली, "लसूण जळून राहिला असन. आच कमी करा!"